शेपटीची पाती

अमरावतीच्या इतवारा बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून पाही. बद्द वाजला की म्हणे, "हा नको बाप्पा, तडकेल हाय!" पुढे माझं कामही तेच झालं, फक्त चेतक हेलिकॉप्टरच्या शेपटीकडच्या तीन पात्यांवर. मुलांनो, ती नसतील तर वरचा मोठा पंखा एकीकडे आणि हेलिकॉप्टर उलटीकडे गरगर फिरेल! धातूतली केसाएवढी भेग टिचकीने थोडीच कळते? पातं स्वच्छ करून लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसायचा, मग पांढरी पूड फवारायची. भेगेत मुरलेला रंग वर येतो. एकदा अशी रेघ उमटली. वैमानिक घाईत होते. "अहो, एवढीशी तर आहे!" मी भिंग पुढे केलं. त्यांनी पाहिलं आणि हेल्मेट काढून ठेवलं.