मापाची काठी



नाशिकला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथं चालतं क्रिकेट. खरा गोल्फ मी पाहिला तो पुण्यात, सुनेमुळे.

ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर शिकायला लागली तेव्हा मुलाचा जुना सेट घरात पडून होता. मुलगा पाच फूट दहा इंच, ही पाच फूट एक. तिनं वेगळ्या सेटचा विषय काढला तर मीच म्हणाले, "घरात वस्तू असताना दुसरी कशाला? भागवून घे." परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलेलं, त्यामुळे आपलं बरोबरच आहे असं वाटलं. चार महिन्यांत तिचं कोपर इतकं दुखू लागलं की कुकरचं झाकण लावता येईना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काठ्या कुणाच्या वापरता?"

कोपर बरं झाल्यावर माप द्यायला ती मला सोबत घेऊन गेली. मला वाटलं, दुकानदार उंची विचारील आणि काढून देईल. त्या मुलानं आधी तिला बूट घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावला. उंची सारखी असली तरी हात आखूड-लांब असतात ना! मग पंजा आणि बोटं मोजली, मुठीच्या रबराची जाडी त्यावर ठरते. जाड झाली तर मनगट वळत नाही, बारीक झाली तर माणूस उगाच आवळून धरतो.

नंतर मुलाच्या जुन्या काठीच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि एका कडक प्लास्टिकच्या फळीवरून चेंडू मारायला सांगितला. पट्टीवरचा ठसा मधोमध हवा. हिचा उमटला टाचेकडे, म्हणजे काठीचं पुढचं टोक वर उचललं जात होतं. "म्हणून तुमचा चेंडू डावीकडे जातो," तो म्हणाला. सून माझ्याकडे बघून हसली. इतके दिवस ती आपलाच हात वाकडा समजत होती.

मी कॉमर्सवाली. विचारलं, "पँटच्या पायासारखी कापून आखूड नाही का होणार?" त्यानं न हसता समजावलं. कापता येते, पण कापली की दांडा जास्त ताठ लागतो आणि टोकाचं वजन हलकं वाटतं. हिच्या हाताचा वेग बघता हिला लवचिक, हलका दांडा हवा होता. तळाचा कोन मात्र यंत्रात धरून अंशा-दोन अंशानं वाकवता येतो.

रात्री मोबाईलवर वाचत बसले. मापाप्रमाणे काठ्यांचे कोन बदलून त्यांवर रंगीत ठिपके द्यायची पद्धत पिंग कंपनीनं रूढ केली. १९५९ साली ती काढणारे कार्स्टन सोल्हाइम मूळचे नॉर्वेचे, मोच्याचा मुलगा, स्वतःही बुटांच्या धंद्यात राहिलेले. पायाचं माप घेणाऱ्यालाच हे सुचणार!

नियमानं पिशवीत १४ काठ्या चालतात. (१४ म्हटलं की मला त्रिशलामातेची स्वप्नं आठवतात, त्याला इलाज नाही.) तिनं सातच घेतल्या. हातमोजा तो मेंढीच्या कातड्याचा दाखवत होता, आम्ही दोघींनी एकदमच मान हलवली. कृत्रिम कापडाचा मिळाला. जुना सेट मुलाच्या उंचीच्या एका मित्राला देऊन टाकला, म्हणजे माझ्या वहीत जमा-खर्च बसला.

परतताना गाडीत मी गप्प होते. सायखेड्याच्या घरात चुलीवरून गॅसवर आलो तेव्हा ओटा सासूबाईंच्या उंचीनं बांधला, ३६ इंच. त्या साडेपाच फुटी, मी चार फूट नऊ. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. पोळ्या लाटायला पायाखाली पाट घेतला, तो आजतागायत आहे. चातुर्मासात स्थानकात पाहुणे जास्त असले की रात्री सामायिकाला बसताना खांदे ठणकायचे. ते वयाचं समजत आले, तेही वय झालं नव्हतं तेव्हापासून. आणि ‘भागवून घे’ हे शब्द मला सासूबाईंनीच शिकवले होते. त्या वाईट नव्हत्या हो. त्यांनाही कुणीतरी शिकवले असतील.

हे मी सुनेला सांगितलं नाही. पण पर्युषणाला ती आली तेव्हा पाटावर उभी राहून मी पीठ मळत होते. तिनं विचारलं, "मम्मी, हा पाट कशाला?" मग शिवणाच्या डब्यातून टेप आणला आणि मला खाली उतरवून हात सैल सोडायला लावले. कोपर जमिनीपासून बरोबर ३६ इंच. ओट्याला टेकलेलं.

"चार-पाच इंच खाली हवा," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता या वयात कशाला तोडफोड?" तिनं उत्तर दिलं नाही, फक्त स्वतःचं कोपर चोळलं.

गवंडी दिवाळीनंतर येतोय. ३१ इंच सांगितलंय. सुनेला वाकावं लागेल, पण ती म्हणते, वर्षातून चार वेळा येते, भागवून घेईन.