पायापुरता उजेड

रात्रीचे जेवण उरकल्यावर घरातील वडीलधारे माणूस पाण्याचा पेला हातात घेते आणि दोन घोट पिऊन तसाच खाली ठेवते, हे आपल्याही पाहण्यात आले असेल. कारण विचारावे तर “तहान नाही” एवढेच उत्तर मिळते. त्या उत्तरावर विसंबण्यापूर्वी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट एकदा रात्री दोन वाजता चालून पाहावी. वयोवृद्ध माणसाला पाणी नको असते असे नाही. पाणी प्यायले की उठावे लागेल आणि उठले की अंधारातून जावे लागेल, हा हिशेब त्याने मनाशी केलेला असतो.

आमच्या सोलापुरात हा हिशेब महागात पडतो. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. अशा दिवसांत म्हाताऱ्या शरीराने पाणी तोडले, तर लघवीचा संसर्ग, उठताक्षणी रक्तदाब उतरून येणारी घेरी, क्वचित मनाचा गोंधळ असे एकेक संकट उभे राहते. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी संध्याकाळनंतर पाणी जवळजवळ बंद केले, तेव्हा औषधांबरोबर घरातल्या उजेडाचाही विचार करावा लागला. त्या विचारातून लाकडाचे दोन साधे दिवे आम्ही दोघांनी मिळून घडवले. त्यामागची दृष्टी आणि रीत आपल्यापुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

प्रथम डोळ्याविषयी. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीसारखी फाकत नाही. आतले भिंग पिवळट होते. परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायलाही अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू काढल्यावर भिंगाची अडचण दूर होते. माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची ती शस्त्रक्रिया झालेली आहे. तरीही बाहुली लहानच राहते आणि अंधाराला सरावण्याची मंदगती बरीचशी तशीच राहते.

मग खोलीतली ट्यूबलाइटच लावावी, असे आपण सहज म्हणतो. परंतु झोपेतून उठलेल्या डोळ्यांवर तो पांढरा झोत आदळला की क्षणभर काहीच दिसत नाही. परतून तो दिवा बंद करावा, तर डोळे नव्याने आंधळे होतात आणि अंथरुणापर्यंतची शेवटची चार पावले सर्वांत धोक्याची ठरतात. शिवाय निळसर पांढरा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती दाबतो. एकदा उडालेली झोप पुन्हा लागत नाही, ही तक्रार आपल्या परिचयाची असेलच. रात्रीचा उजेड म्हणूनच थोडा, पिवळसर, जमिनीलगतचा आणि डोळ्यात न शिरणारा असावा.

डोळ्यात न शिरणारा दिवा ही कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमधील पॉल हेनिंग्सेन या रचनाकाराने 1920 च्या दशकात याच प्रश्नाचा ध्यास घेतला होता. रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात वाढलेल्या त्या माणसाला विजेच्या बल्बची तिरीप असह्य वाटे. त्याने एकाखाली एक अशी आच्छादने रचून असा दिवा घडवला की कोठेही बसले तरी बल्ब नजरेस पडू नये आणि प्रकाश मात्र हवा तेथे पोहोचावा. त्याच्या रचनेचे दिवे आजही बनतात. त्यातले तत्त्व तेवढे आपण उचलावे. त्याला महागडी धातूची आच्छादने लागत नाहीत, चार फळ्याही पुरतात.

हे तत्त्व माझ्या वडिलांना समजावून सांगावे लागले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत त्यांचा जन्म गेला. तरुणपणी त्यांनी खड्ड्याच्या मागावर लुगडी विणली. पुढे यंत्रमाग आले, शहराचे नाव चादरी आणि टॉवेलांमुळे सर्वत्र गेले आणि घरचा हातमाग निघाला. तुटलेला धागा शोधायचा तर उजेड समोरून घेत नाहीत, तो बाजूने घेतात. आडवा उजेड पडला की ताण्यातली उणीव आपोआप उठून दिसते, हे त्यांना हाताने ठाऊक होते. दिव्याविषयी बोलणे निघाले तेव्हा ते म्हणाले, “उंबऱ्यालाही तसाच आडवा उजेड दे. माझ्या डोळ्याला दिवा दाखवून काय करायचं?”

उंबऱ्याचा उल्लेख नेमका होता. आमच्याकडच्या बहुतेक जुन्या घरांप्रमाणे आमच्याही घरात शहाबादी फरशी आहे. ती उन्हाळ्यात पायांना गार लागते, पण तिचा करडा रंग उजेड गिळतो. उंबराही त्याच दगडाचा असल्याने रात्री फरशी कोठे संपते आणि चढ कोठे सुरू होतो, हे वरून पडणाऱ्या उजेडात कळत नाही. जमिनीलगत बाजूने आलेला प्रकाश मात्र उंबऱ्याची कड उजळतो आणि तिच्यामागे सावलीची बारीक रेघ उमटवतो. ती रेघ पायाला सावध करते.

लाकडाला हात लावण्यापूर्वी आम्ही पुठ्ठ्याचे तीन नमुने केले. आपणही हे अवश्य करावे. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि एक छोटी विजेरी एवढ्यावर दिव्याचा निम्मा विचार पार पडतो. पहिला नमुना जाळीचा होता. दुसऱ्याला उभ्या पट्ट्या होत्या. तिसरी साधी पेटी होती, पुढून बंद आणि खालून उघडी. दिसायला जाळीचा नमुना सर्वांत देखणा होता. फरशीवर त्याची नक्षी उमटली तेव्हा घरातले सगळे कौतुकाने पाहत राहिले. वडील मात्र त्या नक्षीपाशी थांबले. सावलीची एक काळी पट्टी त्यांनी पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहिली आणि मगच पाऊल पुढे टाकले. पट्ट्यांच्या नमुन्यापाशीही तेच झाले. तिसऱ्या रात्री साध्या पेटीखालून सलग उजेड पसरला आणि ते न थांबता चालत गेले. दिव्याची निवड त्या पावलांनी केली. ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांना जमिनीवरची गडद सावली खड्ड्यासारखी वाटू शकते. नक्षीदार दिवा बैठकीच्या खोलीला शोभतो, रात्रीच्या वाटेवर तो नको.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळू. आमच्या माळ्यावर जुन्या मागाची एक जाड सागवानी चौकट पडून होती. मागाची फणी बसवायची ती चौकट. आपल्याकडे असे काही नसेल तर वखारीत सागवानाचे तुकडे मिळतात, किंवा एखाद्या मोडक्या खिडकीची फळीही चालते. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात. कापण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे आणि सापडलेले खिळे काढून टाकावेत. कापणे आणि रंधा मारणे ही कामे आम्ही सुताराकडून करून घेतली. यंत्राचे काम थरथरत्या हातांनी करू नये, त्यात कमीपणाही मानू नये.

पेटीचे माप असे: उंची नऊ इंच, रुंदी सहा इंच, खोली चार इंच आणि फळीची जाडी अर्धा इंच. वरच्या फळीला आतून होल्डर बसवला की बल्ब खाली तोंड करून लटकतो. पुढची फळी बल्बच्या टोकापेक्षा किमान दोन बोटे खाली यायला हवी. पेटीचा तळ उघडा ठेवावा. वरच्या फळीत होल्डरच्या दोन्ही बाजूंना हवा खेळण्यासाठी एकेक छिद्र ठेवावे. आतली बाजू पांढऱ्या रंगाने रंगवावी, म्हणजे लाकूड उजेड शोषून घेत नाही. पेटीचा तळ जमिनीपासून सव्वा फुटावर येईल अशी ती भिंतीला लावावी. पलंगावर निजलेल्या माणसाचे डोळेही साधारणपणे त्याहून उंच असतात, त्यामुळे निजलेल्याला, बसलेल्याला वा उभ्या असलेल्याला बल्ब दिसत नाही. दिसते ती केवळ उजळलेली फरशी. पेटी वाटेत पुढे येऊन गुडघ्याला लागणार नाही, अशी कपाटालगतची किंवा कोपऱ्यातली जागा निवडावी.

लाकूड घासण्याचे काम वडिलांनी आपल्याकडे घेतले. संधिवाताने त्यांची बोटे आखडली आहेत. सुटा पॉलिश पेपर त्यांच्या चिमटीत राहत नाही. त्यांनी आपला जुना धोटा मागवून घेतला, त्याच्या सपाट बाजूला कागद गुंडाळला आणि तो मुठीत धरून घासायला आरंभ केला. आधी 80 नंबरचा, मग 120 चा आणि शेवटी 220 चा. रोज सकाळी वीस मिनिटे, अंगणात, नाकाला मुखपट्टी बांधून, कारण लाकडाची भुकटी फुप्फुसांना बाधते आणि सागवानाची काहींच्या त्वचेलाही सोसत नाही. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. कडा इतक्या गोल व्हायला हव्यात की अंधारात हात लागला तरी ओरखडा उठू नये. वडील दर दिवशी डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत आणि कोठे खरखर उरली आहे ते सांगत. बारा दिवसांनंतर सांगण्यासारखे काही उरले नाही.

सांधे फेविकॉलने आणि स्क्रूने जोडले. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे, अन्यथा जुने लाकूड चिरते. शेवटी बाहेरच्या बाजूला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झाल्यावर त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

बल्ब अर्ध्या वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा एलईडी असावा. लाकडाच्या पेटीत जुना तापणारा बल्ब कधीही घालू नये. ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणत आलो, तो प्रत्यक्षात साधारण 15 वॅट वीज घेत असे. रोज दहा तास चालवला तर वर्षाला सुमारे 55 युनिट होतात. अर्ध्या वॅटच्या दिव्याला तेवढ्याच वेळासाठी वर्षाला दोन युनिटही लागत नाहीत. तेव्हा विजेच्या बिलापोटी तो मध्यरात्री बंद करण्याचे कारण नाही. तो तिन्हीसांजेला लागावा आणि उजाडेपर्यंत जळत राहावा. वायर जोडण्याचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे, होल्डर आयएसआय चिन्हाचा घ्यावा आणि वाटेवरून वायर आडवी जाऊ देऊ नये. वीज गेली तर उशाशी हाताला लागेल अशी एक विजेरी ठेवावी.

आमच्या घरी एक दिवा पलंगालगत आणि दुसरा न्हाणीघराच्या दाराशी आहे. उंबऱ्याच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा पट्टाही ओढला आहे. पहिल्या आठवड्यात वडिलांनी काहीच सांगितले नाही. पुढे एकदा जेवणानंतर त्यांनी स्वतःहून पाणी मागितले, पूर्ण पेला प्यायले आणि निजायला गेले. ते पुन्हा तरुणासारखे चालू लागले, असा दावा मी करणार नाही. त्यांचा तोल पूर्वीइतकाच नाजूक आहे आणि भिंतीचा आधार ते आजही घेतात. रात्रीची वाट मात्र आता त्यांना दिवसभर पुरून उरणारी चिंता वाटत नाही.

दिव्याने सगळे साधत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल तर प्रोस्टेट, मधुमेह किंवा चालू असलेली औषधे यांबाबत डॉक्टरांना विचारायलाच हवे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाणही त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे. इतरांनी दिवसाचे बरेचसे पाणी सकाळी आणि दुपारी प्यावे. रात्री उठताना पलंगाच्या कडेवर पाय सोडून मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे.

वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना सुतारकामाची आवड नसेल. त्यांनी सुताराला वरील मापे द्यावीत. परंतु पुठ्ठ्याचा नमुना मात्र स्वतः करावा आणि ज्यांच्यासाठी दिवा आहे त्यांनाच त्याच्या उजेडात चालायला सांगावे. त्या वेळी सूचना देऊ नयेत, हात पुढे ठेवून मागे राहावे आणि त्यांचे पाऊल कोठे अडखळते तेवढे पाहावे. दिवा कोठे हवा आणि किती हवा, ते तेथेच कळेल.