परीक्षेपुरते सत्य

कोडोली, ता. पन्हाळा

चि. सौ. ताईस,

तुझे पत्र परवा पोचले. जावईबापूंची बदली, धाकट्याचा खोकला, वन्संनी पाठविलेली आमसुले, हे सारे वाचून संतोष वाटला; परंतु अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तसे जे तू चार ओळींत लिहिलेस, ते वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ चालू असता एका मुलाने उभे राहून ‘बाई, मग देवानं काय केलं?’ असे विचारले. दुसऱ्याच दिवशी एका पालकाने मुख्याध्यापकांकडे अर्ज गुदरला. आणि तिसऱ्या दिवशी तू वर्गाला सांगितलेस की, ‘पेपरात पुस्तकातलं लिहा, घरी तुम्हांला पटेल ते माना.’ वर पुन्हा, ‘मामा, कुणाचं मन न दुखवता प्रकरण मिटलं,’ असे समाधानही व्यक्त केलेस.

ताई, हे वाक्य तू उच्चारलेस? ग्रहण सुटेपर्यंत पाणी नाही म्हणून बजावणाऱ्या आत्याबाईंच्या पुढ्यात पोह्यांची ताटली घेऊन बसलेली तू? रागावतो आहे असे समज हवे तर. उत्क्रांती खोटी आहे असे म्हणणारा तो पालक मला तुझ्या उत्तराहून अधिक आदरणीय वाटतो. कारण या प्रश्नाला खरे असे एकच उत्तर आहे, एवढे तरी तो गृहीत धरतो. तू मात्र वर्गभर मुलांना एका वाक्यात असे शिकविलेस की, एक सत्य गुणांसाठी असते आणि दुसरे संसारासाठी, आणि दोहोंची गाठ पडू न देणे हे शहाण्या माणसाचे लक्षण होय. ही शिकवण ती मुले उत्क्रांतीपुरती ठेवणार नाहीत. ती उद्या डॉक्टर होतील, इंजिनिअर होतील, कचेरीत सहीचे अधिकारी होतील, आणि तेथेही कागदावर एक व मनात एक बाळगतील.

तू म्हणशील, लोकांना हे पचतच नाही, त्याला मी काय करू. पण लोक हे का मानतात व का मानीत नाहीत, याचा विचार तू केला आहेस काय? जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने, केंद्रातील तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे सांगितलेले वा लिहिलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त अशास्त्रीय आहे आणि तो शाळा-कॉलेजांतून काढावा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ साली केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्या करून हरकत नोंदविली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. तथापि ज्याने हा विषय कधी जवळून पाहिला नाही, त्याच्या दृष्टीने काय घडले? एका बाजूस मंत्री, दुसऱ्या बाजूस अकादमी. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याने त्याचा शब्द उचलला. उत्क्रांती मानणाऱ्या तुझ्या शिक्षकखोलीतल्या सहकाऱ्यांना विचार की, तुम्ही ही कोणत्या पुराव्यावर मानता. बहुतेकांच्या मुखातून ‘सिद्ध झालेलं आहे’ यापलीकडे अक्षर निघणार नाही. मानणारा आणि न मानणारा, दोघेही बहुधा आप्तवाक्यावर विसंबलेले असतात. आपली माणसे काय मानतात, हे पाहूनच मनुष्य आपले मत ठरवितो. म्हणूनच ज्याचा शब्द मुले प्रमाण मानतात त्या शिक्षकाने असे दुटप्पी बोलावे, याचे मला एवढे दुःख.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर तुझ्या आजोबांच्या दप्तरातच होते. अण्णा मोजणी कारकून असताना बांधाचे किती तंटे त्यांच्यापुढे आले! हद्दीचा दगड रोवताना पाहिलेला साक्षीदार एकही हयात नसे. म्हणून अण्णांनी कधी निकाल अडवून धरला नाही. जुने टिपण, जमिनीत गाडलेला दगड, ओढ्याचा मोडलेला काठ आणि शेजारच्या तीन शेतांची मापे, ही एकमेकांशी जुळली की ते निःशंकपणे हद्द कायम करीत. दहाजणांच्या जबान्या फिरतात, माप फिरत नाही, असे ते म्हणत. उत्क्रांतीचा पुरावाही नेमका या जातीचा आहे. वटवाघळाचा पंख, बैलाचा पुढला पाय आणि तुझा खडू धरणारा हात यांतल्या हाडांचा आराखडा एक. खडकांच्या थरांत जीवांचा क्रम एक. आणि आता पेशीतल्या गुणसूत्रांवरून काढलेली नातीही त्याच क्रमाशी जुळणारी. स्वतंत्र मार्गांनी आलेले दाखले एका ठिकाणी मिळतात, हेच त्याचे बळ.

शिवाय पाहिले नाही असेही नाही. महाराष्ट्रातल्या कापूस पिकविणाऱ्याने तर ते आपल्या शिवारात पाहिले. बोंडअळीस मारक असे जंतूचे जनुक घातलेली बीटी कपाशी आपल्या देशात २००२ साली आली, दोन जनुकांची सुधारलेली जात २००६ साली. अळीच्या लक्षावधी संततीत ते विष पचविणाऱ्या थोड्या अळ्या असायच्याच. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, आणि उरलेल्यांचीच प्रजा वाढली. म्हणून शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी लावाव्यात, तेथे विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात व त्यांचा संकर होत राहून प्रतिकाराचा जोर मंदावावा, असा दंडक होता. तो बहुतेक ठिकाणी पाळला गेला नाही. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जातीस दाद देईनाशी झाली, आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात दुसऱ्या जातीचीही बोंडे पोखरून तिने शेतकऱ्यांस रडविले. पंधरा वर्षांत! त्या शेतकऱ्यास ‘घरी पटेल ते मान’ असे सांगशील काय? त्याने घरी काय मानले, यावर अळी अवलंबून नव्हती.

आता धर्माविषयी. आपल्या गावात चर्च, शाळा व दवाखाना उभारणारे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, हे तू जाणतेस. त्या दवाखान्यातच तुझा जन्म. त्याच पंथात या प्रश्नावर केवढे रण माजले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी जाणत नाही. कोल्हापुरात मिशनचा पाया घालणाऱ्या रॉयल वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला आणि १८८६ साली प्रिन्स्टन येथे पदवीधर झाला. त्या कॉलेजचे अध्यक्ष मॅकॉश हे स्वतः धर्मोपदेशक. उत्क्रांती ही ईश्वराच्या कार्याची रीत आहे, असे ते उघड सांगत. आणि त्याच गावातल्या धर्मविद्यालयात चार्ल्स हॉज यांनी १८७४ साली ग्रंथ लिहून डार्विनवाद म्हणजे नास्तिकता, असा निकाल देऊन ठेवलेला. गाव एक, पंथ एक, पवित्र ग्रंथ एक, निष्कर्ष दोन. पुढे विल्यम जेनिंग्ज ब्रायन १९२३ साली त्या पंथाच्या महासभेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि उत्क्रांती शिकविणाऱ्या एका कॉलेजच्या प्रमुखाकडून थोडक्या मतांनी हरले. दोन वर्षांनी टेनेसी राज्यातल्या डेटन गावी, उत्क्रांती शिकविली म्हणून एका तरुण शिक्षकावर झालेल्या खटल्यात ते सरकारपक्षाकडून उभे होते. त्यांना आपण अडाणी ठरवून मोकळे होतो, तो अन्याय होय. पहिल्या महायुद्धात ‘बळी तो कान पिळी’ हेच सृष्टीचे तत्त्व म्हणून मिरविणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यांच्या हकीकती त्यांनी वाचल्या होत्या, आणि माणूस पशूपासून आला असे शिकविले तर दुबळ्याचा वाली कोण, ही धास्ती त्यांना लागली होती. सिद्धान्त नाकारणाऱ्याच्या पाठीशी बहुधा अशी एखादी धास्ती उभी असते. ती ऐकून घेतल्यावाचून नुसते पुरावे फेकून काही साधत नाही.

आपल्याकडे कोणती धास्ती आहे? पृथ्वी इसवी सनापूर्वी ४००४ साली निर्माण झाली, असले गणित आपल्या माथी नव्हते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून जीव फिरतो असे कीर्तनात ऐकत आपण वाढलो. मारुतीपुढे हात जोडणाऱ्यास वानराशी नाते सांगण्यात लाज कसली? तेव्हा वानर ही खरी अडचण नव्हे. सर्व माणसांचे मूळ एक, ही गोष्ट ज्यांची प्रतिष्ठा कुळावर व वंशावर उभी आहे त्यांना जड जाते, असे माझे पक्के मत झाले आहे. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर प्रत्यक्ष छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही असे सांगण्यात आले, त्याच्या मुळाशी कुळाचाच हिशेब होता. आणि तो मनुष्यमात्राच्या एकाच वंशवृक्षापुढे टिकत नाही. तू हा पाठ शिकवितेस तेव्हा जीवशास्त्राच्या जोडीने हेही शिकवितेस, याचे भान ठेव.

या धास्तीवर आपण एक गोड औषध शोधले आहे आणि त्याची मला अधिक भीती वाटते. मागल्या प्रदर्शनात तुझ्या वर्गाने दशावतार व डार्विन यांचा तक्ता लावला होता; मी त्या वेळी गप्प बसलो, कारण मुलांनी रंग सुंदर भरले होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम दाखवून, आमच्याकडे हे सारे आधीच होते, असे म्हणावयाचे. ही जुळणी फार जुनीही नव्हे. थिऑसफीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ सालच्या आपल्या ग्रंथात ती मांडली. त्याच अवतारांचा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त आक्रमकांचा इतिहास म्हणून अर्थ लावला होता, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरास आपल्या अनुयायांना दिली. ज्या कथेत प्रत्येकास आपापला अर्थ सापडतो, ती पुरावा म्हणून कशी चालेल? अवतार पूर्णत्वाने, हेतुपुरस्सर, धर्मरक्षणासाठी येतो; उत्क्रांतीत हेतू नाही, शिडी नाही, फांद्या फुटत गेलेल्या आहेत. तीच गत कल्पाची. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी, म्हणून लोक हर्षित होतात. पण पहिली संख्या चतुर्युगाच्या ४३,२०,००० वर्षांना हजाराने गुणून आली आणि दुसरी उल्कापाषाणांतले शिसे तपासून. असल्या जुळणीने विज्ञान समजत नाही, आणि देवालाही आपण पाठ्यपुस्तकाच्या दाखल्यासाठी तिष्ठत ठेवतो. जोतिबाच्या डोंगरावर मी अद्याप चैत्रात जातो. माझ्या भक्तीला असल्या दाखल्याची गरज कधी भासली नाही.

श्रद्धा आणि शोध एका माणसात नांदू शकतात, याचे उदाहरण पाहिजे तर नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपचे दे. तो स्कॉटिश मिशनरी. दिवसा धर्मोपदेश व शाळा, आणि सवड मिळेल तेव्हा खडकांतले जीवावशेष गोळा करणे. आपल्या पन्हाळ्याचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा, त्याच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांच्या मधल्या गाळात त्याला नागपूरकडे प्राचीन जीवांच्या खुणा सापडल्या. त्याने खडकाला बायबलाप्रमाणे बोलावयास लावले नाही. खडकात जे होते ते नोंदविले, आणि तरी अखेरपर्यंत उपदेशक राहिला.

त्या मुलाला उत्तर देणे अजून शिल्लक आहे. त्याला सांग की, बाळ, देव आहे की नाही याचा निवाडा हा पाठ करीत नाही. प्राणी कसे बदलत आले एवढेच तो पुराव्यानिशी सांगतो. देवाला मानावयाचे की नाही, हे तू मोठा होऊन ठरव. परंतु पुराव्याने जे ठरले ते शाळेत एक व घरी एक असे होत नाही. एवढे बोलण्यास पाच मिनिटे लागतात. मग त्यांच्याकडून कोंबडीच्या पायाची हाडे मांडून घे, अक्कलदाढेची चौकशी घरोघर करावयास लाव, बोंडअळीची हकीकत सांग.

हे लिहितो खरे, पण लिहिताना हात अडखळतो. डॉ. दाभोलकर २०१३ साली गेले. कॉम्रेड पानसऱ्यांवर २०१५ च्या फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या गेल्या त्या आपल्याच कोल्हापुरात. त्या सकाळी तू फोनवर रडत होतीस. तेव्हा भाचीला निर्भय हो म्हणून सांगणारा मामा घरी बसून काय गमावणार, असे तुझ्या मामीने काल मला सुनावले, आणि मला उत्तर सुचले नाही. तू शूरपणा करावास अशी माझी अपेक्षा मुळीच नाही. पालकांशी वाद घालू नकोस. त्यांना वर्गात बोलाव, चहा दे, त्यांची धास्ती कशाची ते नीट ऐक. मुलांपुढे मात्र खोटे बोलू नकोस.

आणि मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितलाच, तर घाबरून काही लिहून देऊ नकोस. राज्य मंडळाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे; तो मी शिकविला, एवढेच दोन ओळींत लिही, पुस्तकाची प्रत सोबत जोड, आणि सही करण्यापूर्वी मसुदा मला दाखव. मी पहिल्या एस.टी.ने येईन. धाकट्याच्या खोकल्याला अडुळसा चालू ठेव, आणि या पत्राचे उत्तर लवकर पाठव. तोवर मला चैन पडणार नाही.

तुझा,
मामा