गोड्या पाण्याची होडी

फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर एका छपराखाली मी घेतलेली ही होडी बरीच वर्षं उभी होती. रंग शाबूत, गाद्या थोड्या विटलेल्या, रुबाब मात्र तोच. ऐंशीच्या दशकातली स्की नॉटिक, म्हणजे वॉटर स्कीइंगसाठीच घडवलेली होडी. इंजिन बरोबर मधोमध, त्याचा दांडा तळातून तिरपा निघून थेट पंख्यापर्यंत, आणि तळ असा घडवलेला की मागे लाट कमीत कमी उठावी. स्लॅलमच्या शर्यतीत होडी ताशी 58 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने जाते आणि मागचा माणूस दोरीच्या टोकाला धरून आडवा कापत असतो. त्याच्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप.

मूळचा हा खेळ तळ्यावरचा. 1922 च्या जुलैत राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मिनेसोटातल्या लेक पेपिनवर दोन फळ्या पायांना बांधून पाण्यावर उभा राहिला. पुढे फ्लोरिडात विंटर हेवनच्या सायप्रस गार्डन्समधले स्कीचे खेळ बघायला लांबलांबून माणसं येऊ लागली, तेही तळ्याकाठीच. त्यामुळे या होड्यांचं इंजिनही गोड्या पाण्याच्या भरवशावर बसवलेलं असतं. गाडीचंच व्ही-एट, माझ्या होडीत 5.8 लिटरचं. तळातून पाणी ओढायचं, ओतीव लोखंडाच्या पोटातून फिरवायचं, धुराबरोबर मागे टाकून द्यायचं. तळ्यात हे छान चालतं. पण अशी होडी, माझी नेली होती तशी, समुद्रात नेली की दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार घेऊन आलेलं पाणी इंजिनाच्या आत खेळतं, आणि इंजिन बंद केलं तरी त्यातलं बरंच आतच राहतं.

मीठ ओल सोडत नाही. वरून कडकडीत वाळलेली होडी आतून दमट असते. मी वेंगुर्ल्याची. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरताना आणि खिडकीच्या गजांवर फिरवलेलं बोट तांबडं होताना पाहतच वाढले. तरीही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाण्याने वेढलेला ओतीव भाग, उतरवायला घेतला तेव्हा मिठाची ताकद नव्याने कळली. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो बोल्टाला आट्यांमध्ये चिणून टाकतो. जोर लावला की डोकं हातात येतं, दांडी इंजिनातच राहते. मग त्या तुटक्या दांडीवर नट ठेवून वेल्डिंग करायचं आणि लाल झालेलं लोखंड निवू द्यायचं. तापून फुगण्यात आणि निवून आकसण्यात गंजाची पकड ढिली होते. पाना पाव आटा पुढे, पाव आटा मागे, मध्ये तेलाचा थेंब. बराच वेळ काहीच हलत नाही. मग कर्रकन आवाज होतो, आट्यांतून तपकिरी भुगा गळायला लागतो, आणि दांडी फिरते. त्या आवाजासाठी मी दुपारच्या दुपार घालवू शकते.

मॅनिफोल्डच्या आत मात्र पापुद्रेच पापुद्रे निघाले. तो टाकून दिला. पाणी आणि धूर यांच्यामधली त्याची भिंत फुटली तर पाणी थेट सिलिंडरात उतरतं आणि इंजिनच जातं, तेव्हा इथे माया करू नये.

पाण्याच्या नळीवरची एक पितळी जोडणी गुलाबी पडली होती. दिसायला सुंदर. पण खाऱ्या पाण्याने तिच्यातलं जस्त ओढून नेलं होतं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा तेवढा राहिला होता. पकडीत धरून जरा पिळली तर बिस्किटासारखी मोडली. जस्ताचं हे झिजणं माणसाने कामालाही लावलं आहे. 1824 साली हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. इतकं वाचलं की त्यातून पाण्यात उतरणारं विष थांबलं आणि तळाला शेवाळ-शिंपले धरू लागले! आजही समुद्रातल्या होडीला जस्ताचा आणि तळ्यातल्या होडीला मॅग्नेशियमचा तुकडा लावतात. माझ्या होडीवर तो होता की नाही हे कळायलाही काही उरलं नव्हतं.

वायरिंग सगळं नवीन घातलं. जुन्या वायरीचं कातडं सोललं की आतलं तांबं काळं, आणखी सोललं तरी काळंच.

माझा काका वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या दुरुस्त करत म्हातारा झाला. फोनवर इंजिनाचं रडगाणं त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "पयला लाकूड बघ गो. लोखंडाचा काय, ता बदलूक येता."

त्या काळच्या या होड्यांत फायबरच्या कवचाखाली लाकडी तुळया असतात, आणि सगळा डोलारा त्यांच्यावर. फरशी उचलली, तुळयांना बारीक भोकं पाडली. भुसा कोरडा निघाला, पिवळसर, लाकडाचा वास असलेला. काकाला याचं नवल वाटलं नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडाचा वैरी पावसाचं पाणी. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून झापांनी शाकारतात त्या काही उगाच नाही. तळ्यातल्या कितीतरी स्की बोटी, इंजिन ठणठणीत असताना, साचलेल्या पावसाने तुळया कुजून मोडीत निघतात. हिचं उलट झालं. मिठाने लोखंड खाल्लं आणि लाकूड राखलं. छपराने पाऊस अडवला म्हणून ही होडी दुरुस्त करण्याजोगी राहिली. आता ती तळ्यात असते.

तेव्हा जुनी स्की बोट घ्यायला निघालात तर रंग आणि गाद्या मागाहून बघा. तिने कुठलं पाणी पाहिलंय ते विचारा, मग फरशीखाली हात घाला. आणि तारकर्ली असो की टॅम्पा, समुद्रातून परत आलात की नळाचं गोडं पाणी जोडून इंजिन चालू ठेवा, थर्मोस्टॅट उघडून थोडा वेळ जाईपर्यंत. थंड इंजिनात ते पाणी सगळीकडे पोहोचत नाही.