आजोबांचा वस्तरा

सन २०२२ च्या जुलै महिन्यात कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. ते ओसरल्यावर एका वृद्ध नाभिकाच्या घरी, मोडलेल्या शिसवी पेटीत, त्यांची जुनी धोकटी सापडली. आतला वस्तरा गंजला होता; शिंगाची मूठ पाण्याने फुगून दुभंगली होती. निजामाच्या अमदानीत त्यांच्या वडिलांनी तो नांदेडच्या बाजारातून आणला होता. त्याच्या बळावर त्या घरात बलुत्याचे धान्य येत असे.

नातू म्हणाला, "आजोबा, चाकावर धार लावून आणतो. पाच मिनिटांचे काम!"

"नको रे बाबा. चाकावर पाते तापले, की पोलादाचे पाणी उतरते. मग त्याला वस्तरा कोण म्हणेल?"

म्हातारपणाचा हट्ट नव्हे, ते खरेच होते. पाते तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. मग बारीक पॉलिश कागदाने गंज हलकेच घासला, तेव्हा 'शेफील्ड' ही अक्षरे उमटली. इंग्लंडातील पोलादाचे ते प्रसिद्ध गाव! आतापर्यंत कंटाळलेला नातू जवळ सरकून बसला.

पेटीच्या फुटक्या झाकणातून त्याने मुठीसाठी दोन पातळ पट्ट्या कापल्या. छिद्र पाडताना एक पट्टी उभी चिरली. आजोबा रागावले नाहीत. "दुसरी घे. आधी छिद्र, मग आकार," एवढेच म्हणाले. काचेच्या तुकड्याने तासून, जवसाचे तेल चोळून, पितळी खिळ्यांनी मूठ बसली.

धार लावण्याच्या दगडाला कुरुंद म्हणतात. कुरुंद्यात कुरुंदावर धार, ही मौज आजोबांनी पूर्वीही पुष्कळांना सांगितली असावी! पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून पाते सरकवायचे. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे. संध्याकाळपर्यंत नातवाचे मनगट भरून आले, तेव्हा कुठे धरलेला केस अलगद तुटला.

हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावतात. रक्तातून रोग पसरू नयेत म्हणून ते योग्यच आहे. त्यामुळे हा वस्तरा दुकानात चालणार नव्हता. आजोबांचे हात तर कापत होते.

ते ओट्यावर बसले. गालाला साबणाचा फेस लावून त्यांनी मान वर केली.

"मी?" नातवाच्या तळहाताला घाम फुटला. असले उघडे पाते त्याने कधी कुणाच्या गळ्याशी नेले नव्हते.

"कातडी ताणून धर. पाते फार उभे करू नकोस," म्हणून आजोबांनी डोळे मिटले.

कानशिलापासून पाते सावकाश खाली आले. फेसाबरोबर पांढरे खुंट निघाले, आणि मागे स्वच्छ गाल उरला.

"आता दुसरी बाजू," आजोबा म्हणाले.