अर्ध्या बळाचा फटका

साठी उलटलेल्या आणि जन्मभर मुलांकडून संस्कृताचीं रूपें घोकवून घेतलेल्या शिक्षकानें फोनच्या पडद्यावर गोल्फ खेळावें, हें वाचून पुष्कळांना हसूं येईल. प्रथम मलाहि आलें होतें. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सांवलींत बसून ओहोटीनें दूर गेलेला समुद्र पाहावा, हाच माझा संध्याकाळचा नेम. पण गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेल्या नातवानें माझ्या फोनवर ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ हा खेळ घालून दिला, आणि दर शनिवारीं रात्रीं आम्ही दोघे, तो तेथें आणि मी येथें, एकाच मैदानावर खेळूं लागलों.

खेळाची रीत सोपी आहे. बोटानें बळ ठरवावयाचें, आणि सरकती रेषा खुणेवर येतांच टिचकी मारावयाची. लांबचे फटके मला लवकर साधले. तेथें बळ पुरें लावलें म्हणजे झालें. अडलें तें शेवटच्या चाळीस यार्डांत. तेथें ‘वेज’ नांवाची काठी लागते. तिचें लोखंडी तोंड मागें फार कललेलें असतें, सुमारें ४६ पासून ६० अंशांपर्यंत. त्यामुळें चेंडू फार दूर न जातां उंच उडतो. १९३२ सालीं ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या जीन साराझेननें तिच्या तळाला जाडी देऊन वाळूंतून चेंडू काढणारी वेज प्रचारांत आणली. इतकी विद्या मिळवूनहि माझा चेंडू झेंडा ओलांडून पलीकडल्या वाळूंत!

“आजोबा, तुम्ही जवळूनहि जोरानेंच मारतां,” नातू म्हणाला. “काठीचा पुरा पल्ला साठ यार्ड आणि झेंडा तीस यार्डांवर, तर बळ निम्म्याच्या आसपास. शिवाय चेंडू पडतो एकीकडे आणि थांबतो दुसरीकडे. उंच मारलात तर लवकर थांबेल, ठेंगणा मारलात तर घरंगळत जाईल. तें अंतर आधीं वजा करा.”

मास्तराला त्रैराशिक शिकविणारा हा शिष्य! मीं वही आंखली: काठी, अंतर, चढ, वारा, घरंगळणें. दोन महिने रोज सकाळीं सराव केला. तेव्हां कोठें कळलें कीं पुरा फटका नुसत्या हातानें मारतां येतो. अर्धा मारावयास मन आवरावें लागतें. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, ही जुनी उक्ति मीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली असेल. पण हें लाघव सूत्राप्रमाणें घरांतल्या बोलण्यांतहि असावें, हें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें.

त्याच दिवाळींत मुलानें हें घर विकण्याची गोष्ट काढली होती. तो ओसरीवर माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. त्याचें म्हणणें मीं पुरें ऐकलेंहि नाहीं. वर्गाच्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचणारा आवाज त्याच्यावर सोडला. “तुझ्या आईला जाऊन वर्ष तरी होऊं दे,” असें बोलून गेलों. तो उठून आंत गेला. त्यानंतर फोनवर “प्रकृति कशी आहे?” आणि “बरी आहे,” याहून अधिक आमच्यांत कांहीं उरलें नाहीं.

गेल्या शनिवारीं झेंडा बावीस यार्डांवर होता. मीं वही पाहिली, बळ बेतलें, आणि चेंडू झेंड्याच्या जवळ जाऊन थांबला. “वा आजोबा!” नातू ओरडला. मी म्हणालों, “फोन जरा बाबाकडे दे.”

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असें मोठें भाषण मीं मनांत कधींचें जुळविलें होतें. तें सारें गिळलें. “त्या दिवशीं माझें चुकलें. तुझें म्हणणें मला ऐकावयाचें आहे,” एवढेंच बोललों.

पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “मार्चांत रजा मिळाली तर येतों, अण्णा.”

घर राहील कीं जाईल, हें अजून ठरलेलें नाहीं. त्याची खोली मात्र मीं झाडून ठेविली आहे.