रंग शेवटी

गाडी आम्ही किलोवर घेतली. साल २०१९. जालन्याच्या एका भंगारवाल्याच्या वाड्यात २००५ चं महिंद्राचं पिकअप कापायला काढलेलं होतं. जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, म्हणून मेलेल्या गाडीला तिथं झटकन गिऱ्हाईक मिळतं. काट्यावर १६५० किलो भरली. २३ रुपये भावाने ३७,९५०. भंगारवाला म्हणाला, वरचे पन्नास चहाला. ३८ हजार मोजले.

मोजायच्या आधी मात्र चेसिसवरचा गंज वायरब्रशनं काढला, नंबरावर खडू घासला आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून पाहिला. जुन्या मालकाचं कर्ज फिटलंय, बोजा उतरलाय, तेही पाहिलं. दोस्तांनो, कागद मेलेला असेल तर गाडी जिवंत करून काय उपयोग?

आमच्याकडे सगळे मिळून १ लाख १० हजार होते. आईच्या बचतगटाचं कर्ज, मी गॅरेजात हेल्पर होतो त्या पगारातले साठवलेले, आणि बापाचे. बाप मोंढ्यात हमाल. तीस वर्षं पाठीवर पोतं. त्याची एकच मागणी.

"आधी रंग दे."

"बा, इंजिन जाम हाये."

"इंजिन कोण बघतंय? वस्तीत गाडी आली तर लोकांनी म्हणावं, नवी घेतली."

रंगवाल्यानं १८ हजार सांगितले होते. मी नाही म्हटलं. बाप दोन दिवस बोलला नाही.

पैसा कमी असला की काम कोणत्या क्रमानं करायचं हेच खरं कसब. गाडी आधी थांबली पाहिजे. मग वळली पाहिजे. मग चालली पाहिजे. दिसायचं शेवटी. बाजारात उलटं करतात. पत्र्यावर लांबी भरायची, वर चकचकीत रंग, आणि आत ब्रेकचं तेल पाणी झालेलं. ज्याच्या खिशात कमी असतं तोच अशा गाडीला फसतो आणि घाटात तोच मरतो.

ब्रेकला ६५०० गेले. मास्टर सिलिंडरचं किट, चाकांचे सिलिंडर, लायनर, गंजलेले पाइप. स्टिअरिंगचे सांधे आणि कमानपाट्यांचे बुश ४ हजार. टायर १४ हजार. पुढचे दोन नवे घेतले, मागं रिमोल्ड चालवले. रिमोल्ड पुढं कधी टाकू नका. पुढचा टायर फाटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पायडलवर, एक चाकाखाली. दुसऱ्या माणसाची मजुरी परवडत नव्हती. बापाला म्हणालो, बस.

"कुठं?"

"स्टिअरिंगवर."

बाप धोतर सावरून चढला. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मी मागच्या डाव्या चाकाखाली गेलो.

"बा, दाब. दाबतच ऱ्हा." निपल ढिला केला. नळीतून बाटलीत फेस आला. निपल कसला. "सोड." परत दाब. परत फेस. चारही चाकं होईस्तोवर दुपार झाली. शेवटी बिनफेसाचं तेल आलं, पायडल दगडासारखं टणक लागलं.

बाहेर आलो तरी बाप उतरला नव्हता. काचेतून समोर बघत होता. म्हणाला, "हितून रस्ता असा दिसतो व्हय."

मग आपसूक बोलला. मोंढ्यातून माल भरून गाडीबरोबर जायचा, तेव्हा केबिनमधली जागा रिकामी असायची. कुणी बस म्हणत नसे. हा मागं, पोत्यांवर. पावसात, थंडीत. कामून, ते तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षं त्यानं रस्ता उलटा पाहिला, मागं पळत जाणारा.

तेव्हा मला रंगाचं कळलं. चाकाखाली पडून मी त्याला शहाणपण शिकवत होतो. पण तो रंग मागत होता तो दिखाव्यासाठी नव्हता. तरी ब्रेक आधी. दोन्ही खरंच आहे.

इंजिनाला २२ हजार. जाम सुटल्यावर चालू करून ऑइलचं झाकण उघडलं, तर भकाभका धूर आला. म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, रिंगा गेल्या. लेथवाल्याकडे क्रँक मापला, घासायची गरज निघाली नाही. सिलिंडरची झीजही हद्दीत होती. म्हणून हाफ इंजिन केलं. रिंगा, बेअरिंग, हेडचं फेसिंग, गॅस्केट, नोझल. व्हॉल्व मी रात्री बसून हातानं घासले. मजुरी वाचली ती तिथंच. बॅटरी ५ हजार.

राहिले वीस हजार, ते कागदांनी खाल्ले. मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच १५ हजारांच्या वर. शिवाय कर, पासिंग. आठ वर्षांवरच्या मालगाडीला पासिंग दरवर्षी. गाडी कुणाच्या दयेवर चालवायची नसेल तर कागद पक्के ठेवावे लागतात. आपल्याला तर जास्तच.

हिशेब केला. ५०० रुपये उरले. बापानं त्यात रेड ऑक्साइडचा डबा आणि ब्रश आणला. जिथं गंज खरवडला होता तिथं स्वतःच्या हातानं मारला. पांढऱ्या गाडीवर तांबडी ठिगळं. वस्तीत शिरली तर पोरं हसली. बाप केबिनमध्ये बसला होता. तोही हसला.

२०२० च्या टाळेबंदीत याच ठिगळवालीनं मोसंबी वाहिली आणि बचतगटाचे हप्ते फिटले. नंतर रंगाचे १८ हजार बाजूला काढले. बापाला म्हणालो, चल, रंगवाल्याकडे. तो म्हणाला, "आधी क्लच बघ. चढाला घसरतोय."

कार्यकर्ते दोस्त कार्यक्रमाला गाडी मागतात. खुशाल न्या. सतरंज्या न्या, खुर्च्या न्या, स्पीकर न्या. फक्त डिझेल टाकून आणत जा. आणि केबिनमधली डावीकडची जागा धरू नका. तिथं बाप बसतो.